खळ्यावरचा हिशेब

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हीजेटीआयमधली मास्तरकी सोडून आलेले. सायकलींचं दुकान चालवून, कडबा कापायची यंत्रं विकून त्यांना गिऱ्हाइकाचे नकार पचवायची सवय झाली असावी. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात.

ही गोष्ट नेहमी द्रष्टा कारखानदार आणि अडाणी शेतकरी अशा थाटात रंगवली जाते. तिच्यात एक गोम आहे. लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा असे? लोखंडाचाच. पिढ्यानपिढ्या तो जमिनीत घुसत होता आणि जमीन काही नासली नव्हती. मग धास्ती कशाची? विषाचं कारण बोलायला सोपं होतं. पण बाभळीचा नांगर मोडला तर गावचा सुतार तो नीट करी, फाळ बोथटला तर लोहार पाजवून देई, आणि हातोहात पैसे कोणी मागत नसे. सुगी झाली की दोघं खळ्यावर येत आणि बलुत्याच्या पेंढ्या घेऊन जात. नव्या नांगराला मात्र आधी रोकडा मोजायचा आणि तो मोडला तर सुट्या भागासाठी पुन्हा रोकडाच. शेतकरी बिचकला तो बहुधा या हिशेबाला.

शेवटी नांगरानंच आपली वकिली केली. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा या तणांची मुळं लाकडी नांगराला दाद देत नसत. लोखंडी नांगर माती उलथून ती मुळं वर काढी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणरावांना ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये दिले, आणि १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यानंतर पाचच वर्षांनी त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. बारा बलुत्यांची ती तपशीलवार नोंद छापून येत होती, तेव्हा त्यातल्या दोन बलुत्यांखालची जमीन सरकायला लागली होती.

मोटेची कथा याहून मोठी. विहिरीवरच्या एका मोटेत अर्धा गाव गुंतलेला असे. कातडं ढोरानं कमावलेलं, शिवण चांभाराची, नाडा मांगानं वळलेला, चाक सुताराचं. ऑइल इंजिन आलं, मागोमाग विजेची मोटर आली आणि या सगळ्यांची खळ्यावरची पेंढी तुटली. बागायतदाराच्या दारात ऊस आला, हे खरं. शेतीच्या इतिहासात उसाचं कौतुक पानोपानी सापडतं. नाडा वळणारा पुढे कुठे गेला, ते मात्र शोधावं लागतं.

म्हणून बलुत्याचे गोडवे गायचं कारण नाही. पेंढीबरोबर दारात उभं राहणं होतं, ‘वेठ’ होती, जातीनं नेमून दिलेलं काम नाकारता न येणं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडलं, ते याच जुवाखालून मान काढून घेण्यासाठी. एकाच पंपानं कुणाचा घास हिरावला आणि त्याच वेळी कुणाला गावाच्या हुकमातून सोडवलं. पुष्कळदा तो माणूसही एकच होता.

मोटेला एक मर्यादा होती, बैलाच्या दमाची. बैल थकले की उपसा थांबे. मोटरला दम लागत नाही, वीज असेतो ती ओढते. मग ज्याची विहीर खोल त्याचं पाणी, आणि बोअरची यंत्रं आल्यावर ज्याच्या खिशात जोर त्याचं.

नांगर आणि मोट यांच्यामागचे करार गावच्या कारागिरांशी होते; तिसरा करार घरातल्या बायकांशी होता. पेरणीचं बी त्या निवडत. टपोरी कणसं बाजूला काढायची, दाण्यांना राख चोळायची, मडक्यात भरून ठेवायचं. १९६४ साली सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. ताट बुटकं, शंभरेक दिवसांत पीक हाती आणि उतारा गावठी ज्वारीहून भरघोस. धान्यटंचाईच्या त्या दशकात तिनं पोटं भरली, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण ऐन पावसात पिकल्यामुळे दाणा काळा पडे, भाकरीला चव नसे आणि ताटच आखूड म्हणून कडबाही कमी. घरचं धान्य वाढलं, बैलांची वैरण घटली. शिवाय संकरिताचं बी घरी धरलं तर पुढल्या वर्षी पीक एकसारखं येत नाही. दर हंगामाला पिशवी विकत आणणं आलं. मडकं रिकामं झालं. भाषेनंही याची नोंद ठेवली: बेचव भाजीपासून नाजूक पोरापर्यंत सगळं ‘हायब्रीड’ झालं.

याच्या अगदी उलट गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची. जेमतेम दीड एकराचे धनी. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी बारीक, चवदार वाण काढलं. घड्याळाच्या नावावरून त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. धानाचं परागण आपल्या आपणच होतं, त्यामुळे मूठभर बी मिळालं की कोणीही ते वाढवावं. ते तसं वाढलं, राज्याच्या सीमा ओलांडून गेलं. विकत घ्यायची सक्ती नसलेल्या बियाण्यानं त्याच्या जनकाला मान दिला, पैसा दिला नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले, तेव्हा अखेरच्या आजारात उपचारांसाठीही हात आखडलेलाच होता.

आता पाळी कोयत्याची आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर दोघंही बांधलेले. कोटीच्या घरात किंमत असलेलं तोडणीयंत्र फडात उतरू लागलं आहे, आणि ते घेणाऱ्याला सरकारी अनुदान आहे. ज्यांच्या हातचा कोयता ते सोडवणार, त्यांच्याशी नवा करार काय, हे यंत्र सगळ्या फडांत पोचण्याआधी ठरवायला हवं. बीडकडून निघालेल्या ऊसतोड मजुरांच्या ट्रॉल्या तर दर हंगामाला रस्त्याला लागतातच.