सहावे पाऊल ऋतूंचे

लग्नविधीच्या आरंभी गुरुजी संकल्प सोडायला लावतात, तेव्हा देशाबरोबर काळाचाही उच्चार होतो: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. चैत्र-वैशाखातले लग्न असेल तर हातावरचे पाणी सोडताना यजमान वसंताचे नाव घेतो. पुढे सप्तपदीत अन्न, बळ, धन, सुख आणि संतती यांसाठी एकेक पाऊल पडते, सहावे पडते ते ऋतूंसाठी, आणि त्यानंतर सातवे सख्याचे. ऋतूंना मान दिल्याशिवाय सख्यापर्यंत पोचता येत नाही, असाच हा क्रम मी वाचतो. म्हणून लग्नातली फुले हा केवळ सजावटीचा प्रश्न आहे, हे मला मान्य नाही. ज्या ऋतूचे नाव आपण अग्नीसमोर घेतो, त्याचेच फूल वधूवरांच्या गळ्यात असणे हा त्या उच्चाराच्या खरेपणाचा भाग आहे.

मोगऱ्याचेच पाहा. कळी खुडतात ती मिटलेली. सकाळी गुंफलेला हार दिवसभर घट्ट, हिरवट-पांढरा राहतो आणि गोरज मुहूर्ताला, अंतरपाट दूर होण्याच्या सुमारास, उमलू लागतो. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा तांबूस झालेल्या असतात. सिंधुदुर्गातली सुरंगी तर याहून उतावळी. उन्हे चढण्याआधी झाडावर चढून कळ्या काढाव्या लागतात, कारण फूल पुरते उमलले की पाकळ्या गळू लागतात. मग त्याच कळ्यांचे वळेसर होतात, आणि हंगाम थोड्या आठवड्यांत उरकतो. थायलंडहून विमानाने आलेले ऑर्किड सुंदर असते, पण ते मार्गशीर्षात जसे तसेच वैशाखात. लग्न म्हणजे म्हातारी होणार असलेल्या दोन माणसांनी काळाच्या आत राहून दिलेला शब्द. त्याला साक्षी हवा तो काळ अंगावर घेणारा.

यावर सर्वांत जुना आक्षेप भक्तीच्या बाजूने येतो: देव भावाचा भुकेला, फूल कोणतेही चालेल. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी एवढेच सांगितले आहे, ऋतूची अट नाही, हे खरे. पण या चारही गोष्टी गरिबाचा हात पोचेल अशा आहेत, आणि कुंपणावर किंवा परसात हात पोचतो तो त्या-त्या ऋतूने जे दिले त्याच्यापर्यंतच. नामदेवांनी याहून पुढचा प्रश्न केला, तो गुरुग्रंथसाहिबात आजही आहे: भुंग्याने आधीच हुंगलेले फूल देवाला कसे वाहावे? हा प्रश्न सोवळ्याचा अभिमान मोडतो, आणि तो मोडायलाच हवा. ऋतूच्या फुलाचा आग्रह मी त्याच्या शुद्धतेसाठी धरत नाही. भुंगा येऊन गेला, म्हणजे ते उघड्यावर, आपल्या वेळेला फुलले, एवढे मला पुरते.

झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोकडचे, मग परदेशी फुलाला नाके कशाला मुरडायची, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे कुळाबद्दल नाहीच. इथल्या मातीत, इथल्या हंगामात जे रुजले ते इथलेच झाले. मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये जरबेरा घेणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र अधिक जड आहे, कारण त्याचे कर्ज लग्नसराईवर फिटते. मांडव आणि व्यासपीठ त्याच्या फुलांनी जरूर सजावे. माझा आग्रह वरमाला, वेणी आणि विधीच्या तबकापुरता आहे. खरी कसोटी लागते ती मेलबर्नच्या मराठी घरात. तिथे चैत्रात लग्न लागते तेव्हा गुरुजी पंचांगाप्रमाणे वसंत म्हणतात आणि बाहेर शरदातली पानगळ चालू असते. तिथे भारतातून मोगरा मागवणे मला चूक वाटते. त्या दिवसांत तिथे शेवंती बहरते, तिचाच हार घालावा, आणि संकल्पात तिथल्या ऋतूचे नाव घेता येईल का, हे गुरुजींना मोकळेपणाने विचारावे.