बहुमताचा कौल आणि श्रमाचे ऋण

कायदा बहुमताने ठरतो. परंतु ऋण बहुमताने फिटते काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात घडलेल्या एका प्रकरणामुळे हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो. भ्रमणध्वनीवरून बोलाविलेली मोटार चालविणारे व घरोघर अन्न पोहोचविणारे यांस कंपनीचे नोकर मानावे, असा तेथील विधिमंडळाच्या २०१९ च्या कायद्याचा रोख होता. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी वीस कोटी डॉलर्सहून अधिक द्रव्य खर्चून या प्रश्नावर थेट जनतेचा कौल मागितला. ३ नोव्हेंबर २०२० रोजी शेकडा सुमारे ५९ मतदारांनी तो त्यांच्या बाजूने दिला. चालक हा स्वतंत्र कंत्राटदार ठरला; राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली हा कायदा ग्राह्य धरला.

कौलाच्या समर्थकांचे म्हणणे टाकाऊ नव्हे. हवे तेव्हा काम करावे, कोणाच्या हुकुमाखाली राहू नये, अशी पुष्कळ चालकांचीही इच्छा होती. नव्या कायद्याने अपघातविमा दिला व किमान वेतनाच्या शेकडा १२० इतक्या प्राप्तीची हमीही दिली. मात्र ही हमी फेरी स्वीकारल्यापासून ती पुरी होईपर्यंतच्या वेळेपुरतीच आहे. रस्त्याच्या कडेस पुढील बोलावण्याची वाट पाहण्यात गेलेले तास तीत धरले जात नाहीत. नोकरास मिळणारा बेकारीविमा व पगारी आजाररजा यांसही चालक मुकला.

पालखी निघेपर्यंत ढोल घेऊन तिष्ठत बसलेल्या वाजंत्र्याचे थांबणे हा सेवेचा भाग नव्हे काय? गोमंतकातील देवालयांत सेवेकऱ्यांस जमिनीचे वा धान्याचे उत्पन्न लावून दिलेले असे; ते वाजविलेल्या घटकांवर मोजलेले नव्हते. तथापि त्या व्यवस्थेत सेवेकरी जन्मानेच बांधलेला होता, आणि ‘सेवा’ या गोड शब्दाआड त्याचे हक्क पुष्कळदा झाकले गेले, हेही आपण विसरता कामा नये. आपल्याकडे शब्द ‘सेवा’ होता, तेथे ‘स्वातंत्र्य’ आहे. देणे चुकविण्यास दोन्ही शब्द सारखेच उपयोगी पडतात.

शिवाय कौल देणाऱ्यांत चालक थोडे, त्यांच्या श्रमाचा लाभ घेणारे फार. ऋणकोंनी एकत्र जमून हात वर करावे आणि आपले ऋण माफ झाले असे म्हणावे, तर तो निर्णय कायदेशीर असेल. न्याय्य ठरेलच असे नाही. देवापुढे कौल लावणारा मनुष्यदेखील उजवा कौल मिळाला म्हणून सावकाराच्या देण्यातून सुटत नाही.

आमच्या बेळगावच्या वाचकांस हा प्रश्न दूरचा नाही. कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कल्याणनिधीचा कायदा केला असून, त्यांच्या मोबदल्याच्या शेकडा १ ते ५ इतके शुल्क कंपन्यांकडून घेण्याची त्यात तरतूद आहे. कामगारास नोकर म्हणावे की कंत्राटदार, हा वाद विधिज्ञ करोत. ज्याच्या तिष्ठण्यावर आपली सोय उभी आहे, त्याच्या तिष्ठण्याचे मोल देणे हा आपला धर्म आहे, आणि त्यास कोणाच्या मताची अपेक्षा नाही.