नदी वेळ देत नाही

मार्च 2021 मध्ये सिडनीतली पॅरामॅटा नदी फेरीच्या धक्क्यावर चढली. इथलं पाणलोट क्षेत्र लहान, त्यात बहुतेक डांबर आणि काँक्रीट. पाऊस मुरत नाही, पाणी काही तासांतच वाढतं. ‘आता निघा’ असा इशारा आला की कपाटं उपसायला सवड नसते. पिशवी आधीच भरलेली हवी. पासपोर्ट, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, विजेरी, बॅटरीवरचा रेडिओ, पाणी आणि सगळ्यांत आधी औषधं. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या गोळ्यांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानिशी ठेवा. तिकडचा ब्रँड इथल्या फार्मसीत ओळखीचा असेलच असं नाही.

कागद फोनमध्ये आहेत, असं कुणी म्हणेल. पण वीज गेल्यावर फोन किती टिकणार? मदतीला एसईएस, म्हणजे राज्य आपत्कालीन सेवा आहे, 132 500 वर. तिथले बहुतेक जण स्वयंसेवक आहेत, आणि पुराच्या रात्री हाका चहूकडून येतात. तुम्ही वेळेत निघालात, तर त्यांची बोट अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे जाऊ शकते. राहिली शंका, आधीच पिशवी भरून ठेवणं म्हणजे अपशकुन, ही. 2019 च्या पुरात सांगलीत माणसं माडीवर अडकली, ती तयारी केल्यामुळे नव्हे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळं बदलतो, त्याच रविवारी पिशवी उघडून गोळ्यांची मुदत तपासा.