अर्जातील दोन रकाने

पूर्वी काशीयात्रेस निघणारा वृद्ध गृहस्थ उंबरा ओलांडण्यापूर्वी देणी फेडीत असे, जमिनीची व्यवस्था लावीत असे आणि भाऊबंदांचा निरोप घेत असे. परतण्याची शाश्वती नसे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण नैतिक होते. आपल्या प्रवासाचा भार मागे राहणाऱ्यांच्या डोक्यावर नकळत टाकू नये, असा तो दंडक होता. आता युरोप एका दिवसात गाठता येतो आणि निरोप दूरध्वनीवर होतो. तो जुना दंडक मात्र सुटलेला नाही. तो अर्जाच्या रकान्यांत येऊन बसला आहे, असे आम्हांस यंदा अनुभवास आले.

येत्या जानेवारीपासून सहा आठवडे लिस्बन येथे राहावे, असा बेत आम्ही आणि सौ. यांनी आखला होता. खडोलीत राहणाऱ्यांस लिस्बनचीच ओढ का, हे या अंकाच्या वाचकांस फार सांगावयास नको. १७७९ च्या मैत्रीच्या तहान्वये पेशव्यांनी नगरहवेलीतील गावे १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे सोपविली. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत या भूमीविषयी शेवटचा शब्द त्या दूरच्या शहराचा असे. ज्या शहराने हा मुलूख कागदावरच पाहिला, ते शहर एकदा प्रत्यक्ष पाहावे, अशी आमची जुनी इच्छा होती.

बेत आखताना आम्ही कचेरीतील सवयीप्रमाणे दोन याद्या केल्या, एक पैशांची आणि एक पायांची. हिवाळ्यात तेथे प्रवाशांची वर्दळ कमी असते आणि राहण्याची भाडी उतरतात. बारा दिवसांत आठ देश दाखविणाऱ्या सहलीपेक्षा एकाच ठिकाणी स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली, तर पैसा आणि गुडघे दोन्ही वाचतात. लिस्बन हे टेकड्यांचे शहर आहे. तेथील पदपथ लहान दगडांचे असून पावसात निसरडे होतात आणि तेथील पाऊस हिवाळ्यातच पडतो. म्हणून १७५५ च्या भूकंपानंतर आखून बांधलेल्या बाइशा या सपाट भागात आम्ही खोली पाहिली. येथवर सर्व गणित होते आणि गणितात आम्ही कधी मागे पडलो नाही.

अडचण पुढे आली. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विम्याच्या अर्जात पूर्वीच्या आजारांविषयी एक रकाना असतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविला आहे. अर्ज भरून देणारा तरुण सहजपणे म्हणाला, “काका, तिथे ‘नाही’ लिहा. सगळेच लिहितात. खरे लिहिलेत तर हप्ता दुपटीच्या वर जाईल, आणि तरीही त्या आजाराला पूर्ण संरक्षण मिळणार नाही.” हिशेब केला तेव्हा हप्त्यातील फरक आमच्या दोन आठवड्यांच्या मुक्कामाएवढा भरला.

तो रकाना आम्ही चार दिवस कोरा ठेवला. ज्याने उभ्या नोकरीत इतरांच्या प्रतिज्ञापत्रांवर शेरे मारले, त्यास चार दिवस लागावेत, ही कबुली देताना संकोच वाटतो. परंतु मनात येणारे युक्तिवाद मोठे सभ्य वेश धारण करून येतात. विमा कंपनी श्रीमंत आहे, आम्ही निवृत्तिवेतनावर जगतो. प्रकृती आता उत्तम आहे, औषधे नियमित आहेत. सहा आठवड्यांत काही होणार नाही, आणि झाले नाही तर कोणाचे काय बिघडले?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत मोहक आणि सर्वांत पोकळ आहे. विमा काढावयाचा तो काही होईल म्हणूनच. विम्याच्या कायद्यात परम सद्भावाचे तत्त्व लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ मध्ये एका खटल्यात मांडले. सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या गव्हर्नराने शत्रूच्या हल्ल्याविरुद्ध विमा उतरविला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला, तेव्हा विमेदार म्हणू लागला की, किल्ल्याची दुर्बलता आपल्यापासून लपविली गेली. निकाल गव्हर्नराच्या बाजूने लागला, कारण किल्ल्याची स्थिती विमेदारास लंडनमध्ये बसून चौकशी करून कळण्याजोगी होती. पण जी गोष्ट केवळ एकासच ठाऊक आहे, ती त्याने सांगितलीच पाहिजे, हे तत्त्व तेथे रुजले. सुमात्रातील तटबंदीची चौकशी करता येते, आमच्या हृदयातील नळीची बातमी आमच्यावाचून कोण देणार?

मग आम्ही आपल्या शास्त्रांकडे वळलो, आणि खरे सांगावयाचे तर पळवाट शोधण्यासाठीच वळलो. महाभारतात असत्य क्षम्य ठरणारे पाच प्रसंग सांगितले आहेत. थट्टेत, स्त्रियांच्या बाबतीत, विवाहप्रसंगी, प्राणसंकटी आणि सर्वस्व लुटले जात असताना. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्यासत्याच्या अशा पेचांचा विस्ताराने विचार केला आहे. धनाचा उल्लेख वाचून आमचे डोळे क्षणभर लकाकले. पण ते धन दरोडेखोर हिरावून नेत असलेले, दोन आठवड्यांच्या सहलीचे नव्हे. धर्मराजाचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताच तो खाली आला, आणि पुढे त्याला नरकाचे दर्शनही चुकले नाही. त्याच्यापुढे निदान युद्ध तरी होते.

याच विचारात असताना नोकरीतील एक प्रसंग आठवला. एका तालुक्याच्या कचेरीत वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे अर्ज आमच्यापुढे येत. पासष्ट वर्षांची अट होती. एका आदिवासी बाईने पासष्ट लिहविले होते, मतदारयादीत त्रेसष्ट निघाले. आम्ही ‘खोटी माहिती’ असा शेरा मारून अर्ज फेटाळला. ती एवढेच म्हणाली, “साहेब, भूक दोन वरसं थांबते का?” नियमाने आमचे चुकले नव्हते. पण शास्त्रातील प्राणसंकटाचा अपवाद जर कोणास लागू पडत असेल, तर तो तिला होता. तिला आम्ही तो दिला नाही, तिच्या वयाचा दुसरा पुरावा शोधण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आता लिस्बनच्या दोन आठवड्यांसाठी तोच अपवाद स्वतःस द्यावयास आम्ही निघालो होतो. दुसऱ्याच्या भुकेला नियम आणि स्वतःच्या हौसेला सवलत, अशी ही न्यायबुद्धी होती.

चौथ्या दिवशी सौ. यांना सर्व सांगितले. त्यांनी तत्त्वचर्चा केली नाही. “अहो, तिथे तुम्हाला काही झाले आणि कंपनीने हात वर केले, तर परक्या दवाखान्यात कागद घेऊन कोण बसणार आहे?” एवढेच विचारले. ‘कोणाचे काय बिघडले’ या प्रश्नाचे उत्तर समोर बसले होते. काशीस जाणाऱ्याने जो भार मागे ठेवावयाचा नाही, तो आम्ही शेजारी बसणाऱ्या माणसावर, तिला न सांगता, टाकणार होतो.

दुसरा रकाना विमानाच्या तिकिटाचा होता. चाकांची खुर्ची हवी काय? येथे मोह उलटा होता. गुडघे दोघांचेही दुखतात, वाटेत विमान बदलावयाचे आहे, मोठ्या विमानतळांवरील अंतरे आमच्या गावच्या फेरफटक्याहून लांब असतात. तरी हात ‘नाही’कडेच गेला. पहिल्या रकान्यात पैशांसाठी लपवीत होतो, दुसऱ्यात लाजेसाठी. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबई विमानतळावर एक वृद्ध दांपत्य उतरले. खुर्ची एकच मिळाली. पत्नी तीत बसली, ऐंशी वर्षांचे पती तिच्या सोबत चालत निघाले आणि वाटेत कोसळून मृत्यू पावले. त्यांनी तर खुर्ची मागितली होती. ही सेवा विनामूल्य आहे, म्हणून चालू शकणारे काही प्रवासीही रांग चुकविण्यासाठी तिची मागणी करतात, अशी तक्रार वारंवार होते. ज्याला गरज नाही त्याने मागितलेली खुर्ची कोणा गरजूची असते. पण ज्याला गरज आहे त्याने ती न मागणे, हाही सद्गुण नव्हे. तो वाटेत बसून पडला, तर सोबत्याचा आणि कर्मचाऱ्यांचा भार वाढतोच. जेवढे खरे तेवढे सांगावे आणि जेवढे लागते तेवढेच मागावे, या दोन्ही गोष्टी एकाच सत्याच्या दोन बाजू आहेत.

दोन्ही रकान्यांत आम्ही ‘होय’ लिहिले. हप्ता वाढला आणि सहा आठवड्यांचे चार झाले. “चार पुष्कळ झाले, घराला कुलूप तरी किती दिवस लावायचे?” असे सौ. म्हणाल्या. व्हिसा अजून मिळावयाचा आहे आणि तो न मिळाल्यास या हिवाळ्यात खडोलीचे गार वारे आहेतच. त्या बाईचा अर्ज मात्र पुन्हा आमच्या टेबलावर येणार नाही. तिच्यापुरता तो रकाना भरावयाचा राहिला, याची जाणीव प्रवासात आमच्या सामानाबरोबर राहील.