दोनदा दाबायचा ब्रेक

आमच्याकडं जुनी जीप घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, पाटे बघतात. ब्रेकवर पाय ठेवून बघणारा एखादाच. त्यालाही विकणारा सांगतो, "दोनदा दाबला की लागतो, बाकी काही नाही."

हे "बाकी काही नाही" मला पटत नाही.

ब्रेकचं काम साधं आहे. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो. पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं हे १७व्या शतकात सांगून ठेवलं, आपण ते शाळेत घोकलं. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसतंय आणि बाहेर तेल कुठंच दिसत नाही, तर बहुतेक मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. गाडी एका अंगाला ओढते, तेव्हा चाकाचा सिलिंडर अडकलाय का, लायनरवर तेल उतरलंय का, ते बघावं. आणि दोनदा दाबल्यावरच लागत असेल, तर लायनर झिजलेत नाहीतर हवा आहे. लोक याला गाडीची सवय म्हणतात. गाडीला सवय नसते, बिघाड असतो.

आता शेजारी टोमॅटोचे क्रेट नारायणगावला न्यायला अशी गाडी मागतो. मालक म्हणतो, "ने, पण ब्रेक दोनदा दाब." सांगितलं म्हणजे मालक सुटला का?

बैलाच्या बाजारात हा न्याय चालतो. बैल मारका आहे हे सांगितलं, किंमत उतरवली, की व्यवहार चोख. पण मारका बैल घेणाऱ्याच्या दावणीला राहतो. गाडी सगळ्यांच्या रस्त्यावर जाते. शाळेतून येणारं पोर, सायकलवरचा दूधवाला, यांना कुणी सांगितलं? ताशी ४० किलोमीटरनं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दुसऱ्यांदा दाबायला लागणारा सेकंद त्या पोराच्या वाट्यातला असतो. तो देऊन टाकायचा हक्क मालकालाही नाही आणि शेजाऱ्यालाही नाही.

कुणी म्हणेल, रात्री वस्तीवर बाई अडली, गाडी हीच एक, मग काय करायचं? मी म्हणेन, न्यावी. आधी हँडब्रेक तपासावा, तो तारेवर चालतो, तेलावर नाही. मग खालच्या गिअरमध्ये, सावकाश जावं. माळशेजसारखा घाट उतरायचा असेल तर मात्र दुसरी गाडी शोधावी. पण ही सूट त्या रात्रीपुरती. आपण एका रात्रीच्या अडचणीवर वर्षभर गाडी चालवतो, ते चूक.

हवा काढायला माणसं दोनच लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाखाली पडून निपल सैल करायचं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. निपल आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. डबीतलं तेल संपू द्यायचं नाही. अर्ध्या दिवसाचा खाडा होतो, सुगीत तो जड जातो हे खरं. पण तो खाडा आपला आपण सोसायचा असतो, रस्त्यावरच्या माणसावर टाकायचा नसतो.