मालकीचे रान आणि पहाऱ्याची वीणा

रान कोणाचे, हा प्रश्न वरवर अगदी सोपा. तलाठ्याकडे जावे, सातबारा काढावा, ज्याचे नाव त्याचे रान. कायदाही तेच सांगतो. पण माऊली, शेत आणि रान यांत एक भेद आहे आणि तो सातबाऱ्यावर दिसत नाही. शेतातले ज्वारीचे ताट आपण पेरलेले असते. रानातला हिरडा कोणी पेरला? आपण नाही, आजोबांनीही नाही. कधीतरी एक आठळी मातीत पडली, उन्हापावसात कशीबशी रुजली, वणव्यातून आणि शेळीच्या तोंडातून वाचली, आणि झाड उभे राहिले. हे सारे घडून गेल्यावर त्यावर आपले नाव लागले. मालकी खरीच आहे. ती नेमकी कशाची, एवढेच पाहायचे आहे.

वारकऱ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. पंढरीत जी चंद्रभागा, तीच वरच्या अंगाला भीमा. भीमाशंकरच्या डोंगरात तिचा उगम. देहू-आळंदीवरून वाहत आलेली इंद्रायणी तुळापूरला तिला मिळते. मध्ये उजनीचे धरण आहे खरे. पण धरण पाणी साठवते, निर्माण करीत नाही. भीमाशंकरच्या रानाचा एक भाग १९८५ साली शेकरूसाठी अभयारण्य म्हणून राखला गेला. मात्र आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांच्या पश्चिमेला कितीतरी उतार लोकांच्या मालकीचे आहेत. बरीच कुटुंबे महादेव कोळी समाजाची. खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई, आणि त्याच्या वर हिरड्याची झाडे. आषाढीला आपण ज्या पाण्यात उतरतो, त्यातले काही या झाडांच्या मुळांशी थांबून, मुरून खाली आलेले असते.

हिरडा या घरांना काय देतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. उन्हाळ्यात त्याची कोवळी फळे उतरवून वाळवतात. हा बाळहिरडा. औषधासाठी त्याला मागणी असते आणि पक्क्या हिरड्यापेक्षा त्याला भावही बरा मिळतो. भात घरात खायला लागतो. हातात रोकड येते ती हिरड्याची. मुलांच्या वह्या, दवाखाना, लग्नकार्य यांची गाठ त्याच्याशी असते. तेव्हा महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाने डोंगरावरच्या माणसाला वृक्षप्रेमावर प्रवचन देण्याआधी थोडे थांबावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात या पट्ट्यातल्या हिरड्याची मोठी हानी झाली. त्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून शेतकऱ्यांना बराच काळ आंदोलने करावी लागली. रान राखायची अपेक्षा करायची, आणि रान गेले तर ते नुकसान मोजायला खळखळ करायची, हा कुठला न्याय?

मग मालक म्हणजे कोण? मला वाटते, सप्ताहातल्या पहाऱ्याच्या वीणेकडे पाहावे. सात दिवस, रात्रंदिवस वीणा उभी असते. ती खाली ठेवायची नाही. आपला पहारा संपला की पुढच्याच्या गळ्यात घालायची. पहाऱ्यापुरती ती सर्वस्वी आपली. त्या वेळी दुसरा कोणी तिला हात लावणार नाही. पण मधल्या रात्री चहाचे पैसे कमी पडले म्हणून कोणी वीणा विकत नाही. मालकीच्या रानातले फळ, वाळका फाटा, मध, राबाचा पालापाचोळा हे पहारेकऱ्याचे. त्यात कोणी नाक खुपसू नये. उभे रान ठेक्याने देऊन डोंगर बोडका करणे मात्र वेगळे.

घाटाखाली कोकणात हाच प्रश्न जास्त तिखट होतो. तिथे खाजगी रान फार, आणि सरपणासाठी, कोळशासाठी ते ठरावीक वर्षांनी सरसकट तोडण्याची जुनी चाल. तोडणारा म्हणतो, पुन्हा फुटते की! खोटे नाही. ऐन, किंजळ बुंध्यातून धुमारे काढतात. पण जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला फळे भरवतो. तोडलेल्या बुंध्याला धुमारे फुटतील. पण त्या धुमाऱ्याला अशी ढोली पडेपर्यंत दोनतीन पिढ्या जातील. 'पुन्हा फुटते' या शब्दांत एवढा हिशेब बसत नाही.

कायदे नाहीत असे नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याने हिरडा, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी झाडे मालकीच्या जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९७५ साली खाजगी वने संपादन करण्याचा कायदा झाला. पण कायदा हात धरू शकतो, नजर देऊ शकत नाही. उलट, रान दाट झाले तर सरकार घेईल, ही भीती काही ठिकाणी अजून बोलून दाखवली जाते, आणि ती भीती झाडाच्या बाजूची नसते.

आता सामाईक सातबाऱ्याचे पाहू. एका डोंगरावर वीस-पंचवीस नावे. निम्मी मुंबईत, पुण्यात. चौघांना रान राखायचे आहे, एकाला पैशाची नड आहे. त्या एकाला पापी म्हणावे काय? तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सारे सांगतो. त्यातली एक बाब मात्र सांगताना अनेकदा गळते. धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाटणीची खते त्यांच्या हाती दिली होती, आणि मग आपल्या वाटणीची बुडवली. त्याग स्वतःच्या वाट्याचा करायचा असतो. भावाच्या वाट्यावर आपण उदार व्हायचे नाही. म्हणून ज्यांना रान राखायचे आहे त्यांनी नडलेल्याला वर्गणी काढून सांभाळावे, त्याच्या वाट्याच्या उत्पन्नाची काही सोय करावी. संगमेश्वर भागात पुण्याच्या 'ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने रानमालकांशी संवर्धनाचे करार केले, मोबदला देऊन तोड थांबवली. मला ही वाट पटते, कारण तिच्यात मालकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले नाही.

पण पैशाची सोय झाली म्हणजे सगळे झाले असेही नाही. रानावर माया असणे वेगळे आणि रान कळणे वेगळे. रानात गेल्यावर आपण वर पाहतो. थोरली झाडे उभी दिसली की समाधान वाटते. खाली पाहावे. त्या झाडांखाली गुडघ्याएवढी रोपे किती, कमरेएवढी किती, मनगटाच्या जाडीची किती? पुष्कळदा उत्तर येते, जवळजवळ नाहीत. बाळहिरडा सगळाच उतरवला तर बी पक्के व्हायला फळ उरत नाही. आठळीचे कवच कठीण, रुजणे मुळातच कमी. रुजले ते गुरांनी खाल्ले किंवा वणव्याने नेले. कोणी कुऱ्हाड लावली नाही, मालकाचा झाडावर जीव आहे, तरीही रान म्हातारे होत चालले आहे. न तोडताही रान संपते, आणि आपली वृक्षप्रेमाची भाषणे तिथवर पोहोचत नाहीत.

म्हणून मालकाला शिकावे लागते. काही झाडे आळीपाळीने बियाण्यासाठी सोडणे, फांद्या न मोडता फळ उतरवणे, बांडगूळ वेळेवर काढणे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे, राबासाठी कवळ तोडताना झाडाचा शेंडा राखणे, रोपाभोवती काट्यांचे कूप घालणे. यातले पुष्कळ गावातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षे हिरडा त्यांनीच वेचला आहे. भीमाशंकरच्या बाजूला हिरडा-बेहडा जपून गोळा करण्यासाठी 'फेअरवाइल्ड' नावाच्या प्रमाणपत्राची घडी बसवली गेली, तिचे तत्त्वही तेच: किती घ्यायचे आणि पाखरांसाठी, बियांसाठी किती ठेवायचे. म्हातारीने सांगितले तर अडाणीपणा आणि कागदावर आले तर शास्त्र, असा भेद आपण करू नये.

खरी अडचण पुढच्या पिढीची. मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळी करतो. बाप गेल्यावर वारसनोंद होते, सातबाऱ्यावर नाव चढते. पण आपल्या रानाची शीव कुठली आणि हिरडा-बेहडा ओळखायचा कसा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. वीणा गळ्यात येते आणि तारा जुळवता येत नाहीत, तशी गत. यासाठी वर्ग काढायला नकोत. आपल्याकडे चाल शिकवतात कशी? पुढे म्हणणाऱ्याच्या मागे उभे करून. गावात सप्ताह असतो, सुट्टी काढून सगळे आलेले असतात. दुपारचे जेवण आणि हरिपाठ यांमध्ये दोन तास मोकळे असतात. तेवढ्यात एखाद्या आजीला पुढे घालून घरातल्या सगळ्या वारसांनी डोंगराला जाऊन यावे. रोपे मोजावीत. पुढच्या हंगामात फळ न उतरवता सोडायचे झाड कोणते, हे तिथेच उभे राहून ठरवावे. त्यावरून भावाभावांत वाद होणारच. प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाट्यातले झाड सोडावेसे वाटेल. होऊ द्यावा. निदान त्या निमित्ताने सगळे एकदा रानात उभे राहतील.