वांगणीचे दरोडेखोर

उन्हं तापली की आमच्या आगाशी गावात सुकेळी घालतात. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर पसरायची, दिवसभर ऊन द्यायचं, सांजावलं की घरात न्यायची. अशाच दिवसांत एकदा शेजारच्या वाडीत मालिकेचं शूटिंग आलं. जनरेटरची गाडी थेट गल्लीच्या तोंडाशी. टोपी घातलेला एक पोरगा काकूंच्या अंगणात आला. "मावशी, हे फ्रेममध्ये येतंय. दोन तास उचला ना." काकूंनी उचललंही. दोनाचे पाच तास झाले, ऊन निघून गेलं. भाडं मिळालं वाडीच्या मालकाला. ऊन कमी पडलेली सुकेळी टिकत नाहीत, ते काकूंच्या वाट्याला आलं.

आम्ही बाकीचे कुंपणाला टेकून नट दिसतो का बघत होतो. त्यात मीही होतो.

डेव्हिड मॅमेट यांच्या 'स्टेट अँड मेन' (२०००) या विनोदी चित्रपटात असंच शूटिंगचं युनिट अमेरिकेतल्या एका छोट्या गावात उतरतं, ते तिथल्या जुन्या गिरणीच्या भरवशावर. आणि गिरणी तर १९६० सालीच जळून गेलेली! तो गोंधळ पाहताना हसू येतं, पण मला आपली वांगणी आठवते. १९१३ साली झळकलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या बाह्यचित्रीकरणासाठी मंडळी तिथे गेली होती. ढाली-तलवारी घेतलेली माणसं पाहून गावाला वाटलं, दरोडेखोर आले. पाटलाकडे वर्दी गेली, मंडळी अडकली. शेवटी दिग्दर्शक दादासाहेब फाळक्यांनी कॅमेरा लावला, आत फिल्म न घालताच, आणि चित्रीकरण म्हणजे काय ते करून दाखवलं, तेव्हा सुटका झाली.

ही गोष्ट आपण गावाच्या भाबडेपणाला हसत सांगतो. मला तर वांगणीकरांचं काहीच चुकलेलं दिसत नाही. अनोळखी माणसं हत्यारं घेऊन दारात आली, गावाने कोण-कुठले ते विचारलं. फाळक्यांनीही कामाचा वेळ मोडून उत्तर दिलं. आता पाहुणे सांगत नाहीत, कारण मालकाची सही झालेली असते. आणि आम्ही विचारत नाही, सेल्फी काढायची असते ना!

पुढच्या वेळी युनिट आलं, तर नट शोधण्याआधी एवढं विचारा: गाडी कुठे लावणार, किती वाजता काढणार, आणि काकूंचा मांडव हलवायचा असेल तर त्याचे पैसे काकूंना किती?